“वय झालंय हो त्याचं!”

पुण्यात तळजाई टेकडीवर सकाळी एक काका लॅब्राडॉरला घेऊन चालले होते. “पाय ओढतोय ना? वय झालंय हो त्याचं!”

मागच्या पायांची मधली नखं समोरून घासून पार बोथट झालेली. ती नखंच डोक्यातून जाईनात.

नुसते सांधे दुखत असतील तर कुत्रं उठताना अवघडतं, थोडं चाललं की मोकळं होतं. पंजा बहुधा नीट टाकतं. नखं अशी घासली जातात ती पंजा नीट उचलला जात नाही म्हणून. तेव्हा शंका नसांची, बऱ्याचदा मणक्याची.

घरी बघता येतं. सतरंजीवर उभं करा, पोटाखाली हात देऊन वजन पेला आणि मागचा पंजा हलकेच उलटा, म्हणजे वरची बाजू जमिनीला लागेल असा, टेकवा. निरोगी कुत्रं लगेच सरळ करतं. उलटाच राहिला तर डॉक्टर गाठा. पाठ दुखत असेल तर हा प्रयोग नको.

मागचे पाय एकाएकी गेले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना. उचलून नाही, फळीवर आडवं ठेवून.

आणि घरातली माणसांची वेदनाशामकं, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, कृपया नको. पोटात अल्सर होतो, किडनीही जाऊ शकते.

पुण्यातल्या फ्लॅटमधल्या त्या गुळगुळीत टाइल्सवर अशा कुत्र्याचे पाय घसरू नयेत म्हणून कुणी योगा मॅट अंथरलीय का? कितपत टिकते?