निवती रॉक्सजवळ गावलेला पट्ट्यांचा टोळ

"सर, टोळ गावलो, पण आंगार काळे पट्टे आसत. कापूचो काय ठेवूचो?"

फोन निवती रॉक्सच्या, म्हणजे सिंधुदुर्गच्या किनाऱ्यापुढच्या खडकांच्या, बाजूला होडीतून गरवायला गेलेल्या पोरांचा होता. ऑक्टोबर महिना, पाणी नुकतंच निवळलेलं. सुरमईसाठी टाकलेल्या चमच्याला, म्हणजे चकाकत्या धातूच्या आमिषाला, हा मासा लागला होता. मी एवढंच सांगितलं की पोट फाडू नका, चोच वाकवू नका, ओल्या फडक्यात गुंडाळून बर्फावर ठेवा आणि थेट माझ्याकडे या.

मी माशांच्या नमुन्यांचा संग्रह सांभाळतो. आमच्या किनाऱ्यावर लांब चोच आणि टोकदार दात दिसले की तो टोळ, विषय संपला. बाजाराला तेवढं पुरतं. पण बेलोनिडी या टोळांच्या कुळात चाळीसहून अधिक जाती आहेत. त्या सगळ्या एकाच टोपलीत पडल्या, तर एखादी जात इथे खरोखर कमी आहे की कोणी नीट पाहिलीच नाही, हे कळायला मार्ग उरत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या कितीतरी 'दुर्मिळ' माशांची अडचण हीच आहे.

पोरं संध्याकाळी आली. मासा सुमारे ऐंशी सेंटीमीटर, शीतपेटीत तिरका बसवलेला. टोळ ओळखताना मी तोंडाकडे नंतर पाहतो, आधी शेपटीच्या देठावरून बोट फिरवतो. टायलोसुरस क्रोकोडायलस, म्हणजे आपल्याकडचा मोठा टोळ, असता तर देठाच्या दोन्ही बाजूंना काळी, उठावदार कड हाताला लागली असती. इथे देठ गुळगुळीत होता. प्लॅटिबेलोन या दुसऱ्या टोळाचा देठ तर चपटा, रुंद कडांचा असतो, तोही बाद. उरली स्ट्राँगायलुरा ही किनाऱ्यालगत, खाडीच्या तोंडाशी दिसणारी प्रजाती (जवळच्या जातींचा गट). तिचं अंग गोलसर असतं. हा मासा मात्र दोन्ही बाजूंनी दाबलेला, सुऱ्याच्या पात्यासारखा होता आणि अंगाच्या मागच्या भागावर उभे काळसर पट्टे स्पष्ट दिसत होते.

माझा अंदाज तेव्हाच झाला होता. पण पट्टे मेल्यानंतर फिके होतात, फोटोत तर दिसतातच असं नाही. त्यांच्यावर नाव टांगणं मला पटत नाही. पर पसरवून टाचण्यांनी टोचले, मागून दिवा लावला आणि सुईच्या टोकाने किरण, म्हणजे पराला आधार देणाऱ्या काड्या, मोजायला घेतले. शेवटचा किरण बुडापर्यंत दुभंगलेला असतो, तो एकच धरायचा. पाठीच्या परात २४, गुदपरात (पोटाखालच्या मागच्या परात) २६. टायलोसुरस क्रोकोडायलसच्या गुदपरात सहसा १९ ते २२ असतात आणि इथल्या स्ट्राँगायलुराच्या पाठीच्या परात इतके नसतातच. शिवाय दोन्ही परांचा पुढचा भाग कोयत्यासारखा उंच, आणि पाठीच्या पराची मागची बाजू काळी. आकडे आणि आकार एकाच दिशेने बोलत होते: अ‍ॅब्लेनेस हायन्स.

या जातीचं वर्णन फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन यांनी १८४६ मध्ये केलं. तिच्या प्रजातीत ही एकटीच जात. अटलांटिक, हिंदी आणि पॅसिफिक अशा तिन्ही महासागरांच्या उष्ण पाण्यात ती वावरते, बेटांच्या आसपास आणि मोकळ्या समुद्रात वरच्या थरात. किनाऱ्याच्या जाळ्यांत ती मला फारशी दिसत नाही. म्हणून तर गरवणाऱ्यांची होडी मला मोलाची वाटते. जाळं जिथे जात नाही तिथे त्यांची गरी जाते.

त्यातल्या एकाने तोंडाच्या फटीतून हिरवं हाड पाहिलं आणि विचारलं, "ह्यो विषारी तर नाय?" नाही. टोळांची हाडं हिरवी असतात ती बिलिव्हर्डिन या पित्तातल्या रंगद्रव्यामुळे. शिजवल्यावरही ती हिरवीच राहतात, आणि मासा निर्धास्त खाता येतो.

फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी मांसाचा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवला. फॉर्मॅलिन लागल्यावर डीएनए खराब होतो. लांबी घेताना कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेपासून शेपटीच्या बुडापर्यंतचं अंतरही वेगळं लिहिलं. टोळाची चोच सारखी मोडते, म्हणून या कुळात तेच माप तुलनेला भरवशाचं. या माशाची चोच मात्र टोकापर्यंत शाबूत होती. होडीत उड्या मारणाऱ्या टोळाची चोच न मोडता तो घरापर्यंत आणणं सोपं नाही. पोरांनी ते केलं होतं.

जागा, वेळ, पाण्याची खोली, कोणती गरी, हे सगळं त्यांनी फोनमध्ये टिपून ठेवलं होतं. ते जसंच्या तसं चिठ्ठीवर उतरवलं आणि खाली पकडणाऱ्यांची नावं घातली. तेव्हापासून ती मला टोळाचा फोटो पाठवतात, तर सोबत शेपटीच्या देठाचा जवळून घेतलेला दुसरा फोटोही असतो.