मालधक्क्यावरची लॉरी

छोट्या, म्हणजे मॉडेल रेल्वेचे प्रदर्शन पाहायला आलेल्या लोकांची नजर इंजिनाबरोबर फिरते, आणि ते साहजिकच आहे. गाडी बोगद्यात शिरते, पलीकडून बाहेर येते, फलाटाशी थांबते. मुले टाळ्या पिटतात, बापमाणसे मुलांच्या निमित्ताने पुढे सरकतात. माझी नजर मात्र आधी मालधक्क्याकडे जाते. तिथे रेल्वेची स्वतःची लॉरी उभी आहे का, असल्यास ती त्याच कंपनीची, त्याच काळातली आणि त्या स्टेशनाला शोभेशी आहे का, हे पाहून झाल्याशिवाय मला त्या गाड्यांत रस वाटत नाही. इंग्लंडला राहायला आल्यावर लागलेली ही खोड आहे आणि ती सुटावी अशी माझी फारशी इच्छाही नाही.

रेल्वेची स्वतःची लॉरी ही कल्पनाच आपल्याकडच्या माणसाला थोडी नवी वाटते. आपल्याकडे माल स्टेशनात येऊन पडला की रेल्वेचे काम बहुतेक ठिकाणी संपते. पुढे पावती घेऊन तो ‘सोडवून’ आणायचा, हमालाशी घासाघीस करायची आणि टेम्पो ठरवायचा ही आपली जबाबदारी. ब्रिटनमध्ये रेल्वे कंपन्या व्यापाऱ्याच्या दारातून माल उचलत आणि गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन टाकत. मधला प्रवास रुळांवरून व्हायचा, पण दोन्ही टोकांना रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर चालणारी गाडी, ती ओढणारा घोडा आणि ती हाकणारा माणूस हे तिन्ही रेल्वेचेच असत. एकट्या ग्रेट वेस्टर्न कंपनीच्या घोड्यांचा दाणावैरण तयार करायला डिडकॉट इथे एक मोठे कोठार उभे होते, यावरून त्या कामाचा पसारा ध्यानात यावा.

घोड्यांच्या जागी मोटारी येऊ लागल्या त्या हौसेपोटी नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर सैन्याच्या जुन्या लॉऱ्या स्वस्तात विकायला निघाल्या आणि फौजेतून परतलेल्या अनेकांनी त्या घेऊन मालवाहतुकीचा धंदा थाटला. या नव्या वाहतूकदारांना हवा तो माल घेण्याची आणि नको तो नाकारण्याची मोकळीक होती. रेल्वेला ती नव्हती. कायद्यानेच तिला समोर येईल तो माल स्वीकारावा लागे आणि आपले दरही जाहीर करावे लागत. म्हणजे रेल्वेचा दर वाचायचा, त्याहून चार पैसे कमी सांगायचे आणि किफायतीचा तेवढा माल उचलायचा, अवघड आणि अवजड माल रेल्वेने वाहायचा, असा तो व्यवहार होता. १९२३ साली लहानमोठ्या कंपन्या एकत्र करून चार मोठ्या कंपन्या घडवल्या गेल्या होत्या. त्यांनी खटपट करून १९२८ मध्ये रस्त्यावर धंदा करण्याचे व्यापक अधिकार कायद्याने मिळवले, आणि १९३३ मध्ये तर पिकफर्ड्स आणि कार्टर पॅटर्सन ही मालवाहतुकीतली दोन नामांकित नावे चौघींनी मिळून विकतच घेतली.

अर्थात रस्त्यावर उतरण्याची सवय त्यांना आधीपासून होती. कॉर्नवॉलमध्ये हेल्स्टनपासून लिझार्डपर्यंत रूळ टाकणे फार खर्चाचे ठरत होते, म्हणून ग्रेट वेस्टर्नने १७ ऑगस्ट १९०३ रोजी तिथे मोटारबस सुरू केली. आपल्या बाजूचे उदाहरण हवे असेल तर हैदराबाद संस्थानाचे देता येईल. मराठवाडा तेव्हा त्या संस्थानात होता, आणि निजामाच्या रेल्वेने १९३२ साली स्वतःच्या बसगाड्या काढल्या होत्या. पुणे आणि नगर यांच्यामध्ये पहिली एसटी धावायला तेव्हा सोळा वर्षे अवकाश होता. निजामाच्या त्या बसचे नेटके प्रतिरूप कुणी केलेच, तर ते घेणाऱ्यांच्या रांगेत मी पुढे असेन.

पण माझे मन खरे गुंतले आहे ते तीन चाकांच्या ‘मेकॅनिकल हॉर्स’मध्ये. मोटार घोड्यापेक्षा जलद हे खरे असले तरी रेल्वेच्या मालधक्क्यात तिची पंचाईत होई. ती आवारे, त्या कमानी आणि शहरातल्या त्या बोळी घोडागाडीच्या मापाने बांधलेल्या होत्या. घोडा जागच्या जागी वळतो, चार चाकांची लॉरी वळत नाही. शिवाय माल चढवायला तासभर लागणार असेल तर तेवढा वेळ घोडा सोडून दुसऱ्या गाडीला जुंपता येतो, लॉरीचे इंजिन मात्र आपल्या पाठीवरच्या ओझ्याशी कायमचे बांधलेले असते. या दोन अडचणींवरचा तोडगा असा निघाला की लॉरी करण्याऐवजी घोडाच यंत्राचा करावा. कॅरियर कंपनीने १९३० च्या सुमारास लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेच्या साहाय्याने ‘कॉब’ नावाची असली गाडी केली. पुढे नेपियर कंपनीने आखलेला एक आराखडा वॉटफर्डच्या स्कॅमेल कंपनीने घेतला, सुधारला आणि १९३३-३४ च्या सुमारास जी गाडी बाजारात आणली ती पुढे सगळ्या देशभर दिसू लागली. पुढचे एकच चाक पुष्कळ वळे, त्यामुळे ही गाडी बोळात शिरून तिथल्या तिथे तोंड फिरवी. चालकाने ती ट्रेलरखाली मागे रेटली की आकडे आपोआप अडकत आणि ट्रेलरची पुढची छोटी चाके उचलली जात. सुटे व्हायचे झाले की चालकाच्या खोपीतला एक दांडा ओढायचा आणि पुढे निघून जायचे. एका ट्रेलरवर माल चढतो आहे, दुसरा रस्त्यात आहे, तिसरा दुकानापुढे रिकामा होतो आहे, आणि एकच इंजिन त्या तिघांना पुरते आहे, असा हा हिशेब होता. मला तर वाफेच्या कितीएक डौलदार इंजिनांपेक्षा या बसक्या, चपट्या नाकाच्या गाडीत जास्त अक्कल दिसते.

प्रतिरूपे करणाऱ्याच्या दृष्टीने या रचनेत एक अनपेक्षित सोय दडलेली आहे. छोट्या रेल्वेत गाड्या धावतात, पण रस्ता मात्र गोठलेला असतो. चौकात वळू पाहणारी मोटार कायमची वळू पाहत असते, सायकलवाला वर्षानुवर्षे एका पायावर तोललेला असतो, आणि त्यांच्या शेजारून गाडी पुन्हा पुन्हा जाऊ लागली की हे खोटेपण जास्तच डोळ्यांत भरते. सोडून ठेवलेला ट्रेलर या सगळ्यातून सुटतो, कारण उभे राहणे हेच त्याचे काम होते. त्याची छोटी चाके खाली टेकलेली आहेत, मागची फळी उघडी आहे, माल अर्धा चढलेला आहे, आणि इंजिन दुसरीकडे गेलेले आहे. खऱ्या मालधक्क्यातही तो तासन्‌तास असाच उभा असे. म्हणून मी माझ्या स्टेशनात ट्रॅक्टरपेक्षा, म्हणजे ओढणाऱ्या तीनचाकी गाडीपेक्षा, ट्रेलर अधिक ठेवले आहेत. ट्रॅक्टर एकच आहे, तोही फाटकाजवळ थांबलेला, आणि त्याच्या आसनावर मी चालक बसवलेला नाही. चालक कचेरीच्या दाराशी हातात कागद घेऊन उभा आहे. लॉरी स्थिर दाखवायची तर ती का थांबली आहे याचे कारण शेजारीच दिसले पाहिजे, असा माझा आग्रह असतो.

प्रमाणाचाही एक गंमतीदार भाग इथे सांगायला हवा. ब्रिटनमध्ये सर्वाधिक चालणारे ‘डबल-ओ’ प्रमाण म्हणजे खऱ्या एका फुटाला ४ मिलिमीटर, अर्थात साधारण १:७६. पण या गाड्या ज्या रुळांवरून चालतात त्यांतले अंतर १६.५ मिलिमीटर असते, आणि हिशेबाने ते जवळजवळ १९ मिलिमीटर हवे. जुन्या काळी खेळण्यातली गाडी चालवणारी यंत्रे ब्रिटिश गाड्यांच्या आटोपशीर अंगात मावेनात म्हणून गाडी मोठी केली गेली आणि रूळ तेवढेच राहिले, ते आजतागायत. परिणामी सुंदर रंगवलेले इंजिनही समोरून पाहिले तर पाय जुळवून उभे असल्यासारखे दिसते. लॉरीला रूळच नसल्यामुळे ही अडचण तिला शिवत नाही. सोळा फुटांचा ट्रेलर चौसष्ट मिलिमीटर भरतो आणि त्याची चाके जिथे असायला हवीत तिथेच असतात. रेल्वेच्या छोट्या जगात सर्वांत काटेकोर मापाची वस्तू रुळांवर न चालणारी असावी, याचे मला अजूनही हसू येते.

गेल्या वर्षी सासरे पुण्याहून आले होते. त्यांनी कोथरूडचे जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय पाहिलेले असल्यामुळे त्यांच्या अपेक्षा चांगल्याच उंचावलेल्या होत्या. माझा सगळा मांडलेला संसार त्यांनी शांतपणे न्याहाळला आणि म्हणाले, “जावईबापू, इतका वेळ त्या ट्रकपाशीच बसला आहात, गाडी केव्हा सोडणार?” मी त्यांना त्या ट्रकचा इतिहास सांगू लागलो. त्यांनी तो बराच ऐकला, मग चष्मा पुसत विचारले, “म्हणजे दारापर्यंत सामान आणून द्यायचे आणि हमाली वेगळी नाही?” दाराशी पोचवण्याचा आकार पुष्कळदा दरातच धरलेला असे, असे मी सांगितल्यावर त्यांना त्या ट्रकविषयी प्रथमच आदर वाटलेला दिसला.

तयार लॉऱ्या आता मुबलक मिळतात. ऑक्सफर्ड डायकास्टसारख्या कंपन्यांनी १:७६ प्रमाणात बारीक अक्षरांसह त्या काढल्या आहेत, आणि त्यांची सफाई नाकारण्यात अर्थ नाही. तरीही मला शिशाच्या रंगाच्या पांढऱ्या मिश्रधातूचा संच घेऊन बसणे आवडते. भाग साच्यातून काढल्यावर कडेला राहिलेला पापुद्रा कानशीने घासावा लागतो. टपाची कड किंचित जास्त घासली गेली तर गाडीचा चेहराच बदलतो. ग्रेट वेस्टर्नच्या गाड्या खाली चॉकलेटी आणि वर साईच्या रंगाच्या असत. दोन रंगांमधली रेघ हीच खरी कसोटी: आधी फिका रंग द्यावा, तो पुरता वाळू द्यावा, चिकटपट्टीची कड नखाने दाबून बसवावी, आणि गडद रंगाचे पातळ हात द्यावेत. घट्ट रंग एकाच हातात दिला तर पट्टी काढताना कडेला जी उंच वळी राहते ती खऱ्या गाडीवर चांगलीच जाड दिसली असती. ताडपत्रीसाठी मी चहाच्या पुडीतला पातळ कागद पाणी घातलेल्या डिंकात भिजवून मालावर पसरतो. तो ओला असतानाच सुताचा धागा ताणून बांधला की दोरीखाली खऱ्यासारखी चुणी पडते. सर्वांत शेवटी पुढचे चाक एका बाजूला जरासे वळवून चिकटवायचे, कारण चालक गाडी सोडून उतरतो तेव्हा चाक क्वचितच नाकासमोर सरळ असते.

मळ किती दाखवावा यावर मात्र माझे इतर हौशी मंडळींशी पटत नाही. हल्ली प्रत्येक गाडीवर गंज आणि चिखल फासण्याची चाल आहे. पण या लॉऱ्या कंपनीचे नाव बाजारपेठेतून मिरवत असत. त्या काळात तरी त्या धुऊन पुसून ठेवत. चाकांवर धूळ, मागच्या फळीवर पोत्यांच्या घासण्याचे ओरखडे आणि चालक जिथे पाय ठेवून चढतो तिथला उडालेला रंग, एवढे पुरे.

या छंदाचे बीजही रेल्वेच्याच खेळण्यांत आहे. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने आपल्या हॉर्नबी गाड्यांशेजारी मांडायला छोटी वाहने काढली, १९३४ पासून त्यांना ‘डिंकी’ हे नाव मिळाले, आणि युद्धापूर्वीच चारही कंपन्यांच्या रंगांतला मेकॅनिकल हॉर्स त्यांत दाखल झाला. आज त्यातले धडधाकट नग सापडणे कठीण, कारण तेव्हाच्या जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहून जाई, आणि अशी गाडी कपाटात न हलवता ठेवली तरी आतून फुगते, तडकते आणि तिचा भुगा होतो. १९५५ मध्ये मॅचबॉक्सनेही ही गाडी काढली. पण तिथे सगळी वाहने काड्यापेटीच्या आकाराच्या डबीत मावली पाहिजेत असा दंडक असल्यामुळे प्रमाण डबीने ठरवले.

काळाचे भान ठेवले नाही तर उत्तम गाडीही स्टेशन बिघडवते. स्कॅमेलने मेकॅनिकल हॉर्सच्या जागी गोलाकार नाकाची ‘स्कॅरॅब’ आणली ती १९४८ साली, आणि चारही कंपन्या सरकारजमा झाल्या त्या १ जानेवारी १९४८ रोजी. तेव्हा चॉकलेटी-साई रंगातली, ग्रेट वेस्टर्नची अक्षरे मिरवणारी स्कॅरॅब कुणी मांडली, तर तिच्या देखणेपणाचे कौतुक करून पुढे सरकावे हे उत्तम. याउलट १९५० च्या आसपासचे स्टेशन करणाऱ्याने सगळ्या लॉऱ्या ब्रिटिश रेल्वेच्या किरमिजी-साई रंगात रंगवल्या तर तेही खटकते. एवढा मोठा ताफा एका रात्रीत रंगवून होत नसतो, आणि जुन्या कंपनीची गाडी नव्या मालकाकडे कित्येक महिने जुन्याच कपड्यांत काम करत असणार. तसेच आडगावच्या एकफलाटी स्टेशनावर मेकॅनिकल हॉर्स ठेवणे मला पटत नाही. तो शहरी आवारांचा प्राणी. खेड्यात शेतकऱ्याचे खत, पेंड आणि बियाणे पोचवायला थॉर्निक्रॉफ्टसारखी साधी चारचाकी लॉरी येत असे. माझे काल्पनिक स्टेशन डेव्हनमधल्या एका बाजारपेठेच्या गावाचे आहे, आणि दोन्ही गाड्या ठेवता याव्यात म्हणूनच मी गाव एवढे वाढवले, हे इथे सांगून टाकतो.

समोर येईल तो माल घेण्याचे बंधन १९६२ च्या कायद्याने सुटले, आणि १९६९ पासून रेल्वेच्या लॉऱ्या नॅशनल कॅरियर्स या वेगळ्या सरकारी कंपनीकडे गेल्या. त्या पिवळ्या झाल्या आणि रेल्वेच्या उरल्या नाहीत. ज्या महामंडळाच्या छत्राखाली त्या होत्या ते १९८२ मध्ये त्याच्या कर्मचाऱ्यांनीच विकत घेतले. पिवळ्या लॉरीचा एक संच माझ्याकडे पडून आहे आणि तो जोडायची फार इच्छा आहे. पण माझ्या स्टेशनात १९३७ साल चालू आहे, आणि १९६९ आणायचे म्हटले तर मालधक्क्यातले रूळ उचलून तिथे मोटारींसाठी खडी पसरावी लागेल, कारण अशा बहुतेक गावांचे झाले ते तसेच. तूर्त संच खोक्यातच आहे.