खोडदच्या तबकड्या आणि बिबट्याचा भोंगा

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण सगळ्यांना बघायला खुली असते. पुण्यात वाकडेवाडीहून नारायणगावची एसटी धरली. चाकणच्या कोंडीबद्दल न बोललेलंच बरं. नारायणगावात मिसळ खाल्ली आणि जीपमध्ये कोंबून घेतलं. द्राक्षबागा, टोमॅटोचे मांडव, आणि मध्येच एका शेतामागून वर आलेली पहिली तबकडी!

आत शिरतानाच बजावतात: "मोबाइल बंद करा. सायलेंट नाही, बंद." ही दुर्बीण तबकड्यांनी रेडिओ लहरी पकडते. आकाशगंगांकडून येणाऱ्या या लहरी इतक्या क्षीण असतात, की त्यांच्या शेजारी चालू फोन म्हणजे कीर्तनाला कानाशी डीजे. डोंगरांचा आडोसा आणि शहरापासूनचं अंतर बघूनच ही जागा निवडली. नियोजित पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मार्गही या दुर्बिणीपायी बदलायची वेळ आली. फोटो काढता येत नाहीत म्हणून कुरकुरणारे बरेच होते. मला मात्र बरं वाटलं. लोक चक्क वर बघत होते.

तबकडीचा व्यास ४५ मीटर. जवळ गेल्यावर कळतं की तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसतंय. पत्रा नाहीच, स्टीलच्या बारीक तारांची जाळी आहे आणि ती दोरांनी ताणून धरलीय. इथे पकडायच्या लहरींची लांबी साधारण वीस सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत, त्यामुळे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची भोकं त्यांच्या खिजगणतीतही नसतात. वारा मात्र आरपार जातो. सांगाडा हलका होतो आणि पैसा वाचतो. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांची ही युक्ती. अशा ३० तबकड्या आहेत. १४ इथेच एकमेकींच्या जवळ, बाकीच्या १६ इंग्रजी 'वाय'च्या तीन फाट्यांवर गावोगावच्या शिवारांत. सगळ्यांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरने एकत्र आणले की जणू २५ किलोमीटर रुंदीची एकच दुर्बीण.

माहिती सांगणारा संशोधक विद्यार्थी होता. ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या केंद्राची, आणि ते केंद्र पुणे विद्यापीठाच्या आवारात. लहरी टिपणाऱ्या नव्या रिसीव्हरबद्दल बोलताना त्याचा चेहरा खुलला. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा ऐकता यायचा, आता ४०० पर्यंत. ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या 'शियापरेली' यानाचा सिग्नल इथूनच ऐकला होता. उतरता उतरता तो बंद पडला. यान आपटलं होतं.

मग मांडवाकडे वळलो. शाळा-कॉलेजांच्या प्रकल्पांची ही गर्दी! इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारे जेसीबी होते, ज्वालामुखी तर असायलाच हवेत, तेही होते. काही प्रकल्प सरळ सरळ बाजारातून आणलेले. तिथली मुलं पाठ केलेलं धडाधडा म्हणत होती आणि मध्ये प्रश्न विचारला की पुन्हा पहिल्यापासून सुरू. असं पाठ करून घ्यायचा हट्ट शिक्षकांनी सोडावा.

पण कोपऱ्यात जुन्नरकडच्याच दोन मुली पुठ्ठ्याचा गोठा मांडून बसल्या होत्या. दाराशी सेन्सर, वर दिवा आणि भोंगा. उबदार अंगाचं काही हललं की दोन्ही चालू. या भागात बिबट्या ही रोजचीच काळजी. शेतकऱ्याच्या फोनवर मेसेज जाईल अशीही सोय त्यांनी केली होती, पण "सिमवालं सर्किट घरी ठेवलंय, इथं चालत नाही ना" म्हणाल्या. मी हात पुढे केला तर एकजण ओरडली, "काका, तारेला हात नका लावू, सगळं लोंबतंय!"

"आणि बिबट्याऐवजी कुत्रं आलं तर?" मी विचारलं.

"मग कुत्रं पळंल. शेळ्या तर वाचल्या ना?"

"अगं, पण दर कुत्र्याला भोंगा वाजला तर बॅटरी किती दिवस पुरंल?" दुसरी तिच्यावरच उखडली. पुढचे प्रेक्षक ताटकळत उभे, सर डोळे वटारतायत, आणि या दोघी भोंगा किती वेळ वाजवायचा यावर हमरीतुमरीवर आलेल्या.