पहिल्या प्रवेशात एकच वाक्य

मंगळवार, रात्री साडेअकरा

माळा आवरायला काढला आणि बी.ए.ला असलेलं शेक्सपिअरचं नाटक 'मच अडो अबाउट नथिंग' हाती लागलं. पुठ्ठा निखळलेला, समासात माझंच पेन्सिलीतलं गिचमिड अक्षर. आवरणं तिथंच राहिलं. स्टुलावर बसून वाचायला लागले.

'दोन जोडप्यांतला फरक स्पष्ट करा' हा तेव्हाचा हमखास प्रश्न. उत्तर पाठच होतं. बिॲट्रिस आणि बेनेडिक तोंडाळ, भांडखोर, एकमेकांना पुरून उरणारे. क्लॉडिओ आणि हिरो गोडगोड, मिळमिळीत. (मुलीचं नाव हिरो, यावर मागच्या बाकावर किती खिदळलोय आम्ही!) पहिल्या अंकात तिच्या नावाखाली मी लिहून ठेवलंय: 'बाहुली'. खाली दोन रेघा.

बरं, हे मत काही माझ्या एकटीचं नव्हे. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाने शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६३२ च्या आवृत्तीच्या आपल्या प्रतीत या नाटकाच्या नावाशेजारी स्वतःच्या हाताने 'बेनेडिक आणि बिॲट्रिस' असं लिहून ठेवलं होतं. फ्रेंच संगीतकार बर्लिओझने १८६२ मध्ये ऑपेरा रचला, त्याचंही नाव याच दोघांवरून, आणि हिरोवर येणारा बदफैलीचा आळ त्याने चक्क गाळूनच टाकला. गंमत म्हणजे आळाची गोष्ट जुनी, इटालियन कथांतून आलेली. भांडकुदळ जोडी शेक्सपिअरची स्वतःची. भर घातलेलीच माणसं घर बळकावून बसली.

आज मात्र मी हिरोची वाक्यं मोजत बसले. पहिल्या प्रवेशात मेसिनाच्या गव्हर्नराच्या, लिओनाटोंच्या, घरी सगळे जमलेत, आणि त्याची ही एकुलती एक लेक बोलते फक्त एक वाक्य. तिची नात्यातली बहीण बिॲट्रिस तलवारबाजीतला एक शब्द वापरून कुणाची तरी खिल्ली उडवते, निरोप्याला काही कळत नाही. तेव्हा हिरो सांगते, माझ्या बहिणीला पाडुआचे बेनेडिक म्हणायचेत. बहिणीच्या टोमण्यामागचं नाव तिने बरोबर ओळखलेलं असतं. बाहुलीला हे कसं कळेल, हे तेव्हा सुचलं नाही.

त्याच प्रवेशाच्या शेवटी क्लॉडिओ राजपुत्र डॉन पेद्रोजवळ मन मोकळं करतो. आणि पहिला प्रश्न काय? लिओनाटोंना मुलगा आहे का? नाही, हिरो एकटीच वारस. आमच्याकडे स्थळाची चौकशी करणाऱ्या मावश्याही इतक्या लवकर इस्टेटीवर येत नाहीत. मग मागणी तरी स्वतः घालावी, तर तीही डॉन पेद्रोच मुखवटा चढवून क्लॉडिओच्या नावाने घालणार. लग्न ठरल्यावर हा म्हणतो, आनंदाचा खरा दूत म्हणजे मौन. वाक्य सुंदर आहे. पण तिच्याशी दोन गोष्टी बोलल्याशिवाय लग्न ठरलं, हे त्यात झाकून जातं.

तिसऱ्या अंकात बागेतला प्रवेश येतो. बिॲट्रिस लपून ऐकतेय आणि बेनेडिकचा तिच्यावर जीव आहे असं पटवून तिला फसवायला हिरो मुद्दाम मोठ्याने बोलतेय. आजूबाजूला एकही पुरुष नाही. आणि ही मुलगी काय सुटते! ओळींमागून ओळी, पद्यात. बिॲट्रिसच्या डोळ्यांत तुच्छता कशी चमकते, समोरच्या प्रत्येक पुरुषाला ती कशी उलटा करून सोडते, सगळं नेमकं. इतकं नेमकं की बिॲट्रिसला लागतंच. या पानावर माझी पेन्सिल कुठेच नाही. परीक्षेला आलं नसणार.

चोरून ऐकण्या-बघण्यावर दोन्ही जोड्यांचं नशीब हलतं. बेनेडिक झुडपामागून मित्रांचं असंच मुद्दाम केलेलं बोलणं ऐकतो नि प्रेमात पडतो. क्लॉडिओ रात्री हिरोच्या खिडकीशी कुणीतरी बाई परक्या पुरुषाबरोबर बघतो, ती हिरोच असं धरून चालतो (असते तिची दासी मार्गारेट) आणि दुसऱ्या दिवशी देवळात, भर लग्नात, हिरोला नासकं संत्रं म्हणतो. बिॲट्रिसने आधीच त्यालाच संत्र्याची उपमा दिलेली असते: संत्र्यासारखा सभ्य, आणि रंगही तसाच, मत्सराचा. दोन्ही संत्री आज पहिल्यांदा एकत्र दिसली.

त्यानंतर देवळात बिॲट्रिस रडतेय. बेनेडिक म्हणतो, तुझ्यासाठी काय करू? ती म्हणते, क्लॉडिओला मार. तो आधी साफ नाही म्हणतो. क्लॉडिओ त्याचा मित्र. मग एवढंच विचारतो, हिरोवर अन्याय झाला असं तुला मनापासून वाटतं? ती हो म्हणते. बस्स, निघाला आव्हान द्यायला. पुरावा मागितला नाही, खिडकी बघायला गेला नाही. क्लॉडिओला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं आणि तो फसला. याने तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. मी तेव्हा 'बरोबरीचे' लिहिलं होतं, पण कशात बरोबरीचे, ते लिहिलं नव्हतं. मला वाटतं, वर्षानुवर्षं भांडल्यामुळे ती कधी मस्करी करते आणि कधी नाही, हे त्याला ठाऊक होतं. क्लॉडिओने हिरोचा आवाज तरी नीट ऐकला होता का?

शेवटी हिरो क्लॉडिओशीच लग्न करते. मला ते आजही पटत नाही, आणि हिरो मेली असं समजून मुखवट्याआडच्या, चेहराही न पाहिलेल्या बाईशी लग्नाला तो तयार होतो यावर मी दातओठ खाल्ले. पण तिथं अजून एक गोष्ट घडते. बिॲट्रिस आणि बेनेडिक पुन्हा 'माझं काही प्रेमबिम नाही' सुरू करतात, तेव्हा बेनेडिकने लिहिलेली कविता क्लॉडिओ काढतो, आणि बिॲट्रिसची कोण काढतं? हिरो. सगळ्यांसमोर सांगते, ही हिच्या खिशातून चोरली.

'बाहुली' खोडायला रबर शोधलं. मिळालं नाही. बॉलपेनानेच खोडलं, बाजूला 'खिसेकापू' लिहिलं. माळा उद्या.