स्टिकर

सातवीतल्या मुलाला माझ्यासमोर आणून बसवलं होतं. मधल्या सुट्टीत त्याने वर्गातल्या एकाच्या तोंडावर स्टीलची बाटली हाणली होती, ओठ फाटला होता. वडील आले ते तावातच. "मॅडम, हे सगळं त्या मारामारीच्या गेममुळे. आजच मोबाइल काढून घेतो."

शाळेत समुपदेशक म्हणून हे वाक्य मला सारखं ऐकू येतं, आणि ते अगदीच खोटं नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी 1961 मध्ये लहान मुलांसमोर मोठ्या माणसाला बाहुला बडवायला लावलं, तर मुलांनी त्याची हुबेहूब नक्कल केली. 1963 मध्ये तेच फिल्मवर दाखवलं, तरीही केली. पण बाहुला उलटून चिडवत नाही. वर्गातली पोरं चिडवतात.

मी मारामारीचा विषयच काढला नाही. झोपतोस किती वाजता, एवढंच विचारलं.

"एक. कधी दीड."

उठायचं सहाला. या वयाला 9 ते 12 तास झोप लागते. एवढ्या रात्री काय करतोस म्हटल्यावर त्याने वडिलांकडे पाहिलं. मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं.

सहलीच्या बसमध्ये तो झोपला असताना कुणीतरी फोटो काढला होता. तोंड उघडं, हनुवटीवर लाळ. त्याचा स्टिकर झाला. हा वर्गाच्या ग्रुपवर काहीही लिहो, उत्तर तेच. गृहपाठ विचारला, स्टिकर. आईला बरं नाही म्हणून उद्या येणार नाही, स्टिकर.

"मग ग्रुप सोडायचास ना!"

"सोडला तर मागे काय बोलतात ते कसं कळणार?"

म्हणून रात्रभर पहारा. ज्याने मार खाल्ला त्याने त्या दिवशी फक्त तोंड वासून झोपायची नक्कल केली होती.

बाटलीचा जाब त्याला द्यावा लागलाच, त्यात सूट नव्हती. वडिलांना म्हटलं, फोन हिसकावू नका, रात्री तुमच्या खोलीत ठेवा. बहुतेक सोशल मीडिया ॲप्सची वयाची अट किमान 13 वर्षांची, पण अख्खा वर्ग ग्रुपवर होता, हेही बोलून घेतलं. स्टिकर कुणी बनवला, यात मला फारसा रस नव्हता. पाठवणारे सगळेच होते. वर्गात जाऊन तो काढून टाकायला सांगितलं, तेव्हा एक मुलगी उठली.

"मॅडम, ग्रुपवरून काढला तरी माझ्या फेव्हरिट्समध्ये राहतो. सगळ्यांच्याच असेल."

मग पालकसभा बोलावली आणि प्रत्येकाने आईवडिलांच्या देखत तो फेव्हरिट्समधून काढला.