आमची वाटचाल : जुने फ्रीज, उघडता येणारे

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील आमचे वर्कशॉप वडिलांनी फ्रीज-दुरुस्तीसाठी सुरू केले. १९९१ नंतर बाजारात नवनवी मॉडेल्स येऊ लागली, तसे लोक चालू स्थितीतले जुने फ्रीजही भंगारात घालू लागले. त्यांपैकी जे मोडायला वडिलांचा हात धजावला नाही, ते शेडच्या मागे जमत गेले आणि त्यातूनच आमचा संग्रह उभा राहिला. गोदरेजने १९५८ मध्ये भारतात फ्रीज बनवायला सुरुवात केली. त्यांचे जुने सिंगल डोअर, तसेच केल्व्हिनेटर आणि हैदराबादच्या ऑल्विनचे फ्रीज आज आमच्याकडे आहेत.

पत्रा जाड म्हणून जुना फ्रीज टिकला, असे ग्राहक म्हणतात. पत्रा जाड होता हे खरेच. पण आमच्या मते तो टिकला, कारण तो उघडता येत असे. दरवाजाच्या चौकटीभोवतीच्या पट्ट्या हलक्या हाताने सोडवल्या, की आतली एनॅमलची पेटी बाहेर येते आणि तिच्यामागचे ग्लासवूल, म्हणजे थंडावा धरून ठेवणारा काचतंतूंचा कापूस, दिसते. वर्षानुवर्षे दमट हवा शिरून हे वूल तळाशी भिजून बसलेले असते, आणि बाहेरचा रंग शाबूत असला तरी तिथला पत्रा आतून गंजलेला असतो. गंजका भाग कापून नवा तुकडा वेल्ड करायचा, गंज रोखणारा रेड ऑक्साइडचा रंग मारायचा, कोरडे वूल भरायचे आणि पेटी पुन्हा बसवायची, एवढे केले की कॅबिनेट पुन्हा उभे राहते.

आताच्या फ्रीजमध्ये बाहेरचा पत्रा आणि आतले प्लॅस्टिक यांच्यामध्ये पफ (पॉलियुरेथेन फोम) भरतात आणि तो दोन्हींना घट्ट चिकटतो. पातळ भिंतीतही तो थंडावा उत्तम धरतो आणि वीज वाचवतो, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. मात्र अनेक मॉडेल्समध्ये कंडेन्सरची, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणारी, नळीही त्याच भिंतीत गाडलेली असते. तिला सुईच्या टोकाएवढे भोक पडले, तरी तिथे ब्रेझिंगची (धातू वितळवून सांधण्याची) ज्योत पोहोचत नाही. मग ती नळी बाद करून मागे नवा कंडेन्सर लावावा लागतो, किंवा चांगला कॉम्प्रेसर असलेला फ्रीज भंगारात जातो. याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

जुन्या रचनेतले सगळेच आम्ही जपत नाही. त्यातला थंडावा निर्माण करणारा आर-१२ वायू ओझोनला घातक आहे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार २०१० पर्यंत आपल्यासारख्या देशांतही त्याचे उत्पादन थांबवायचे ठरले. आम्ही त्याऐवजी हायड्रोकार्बन वायू भरतो, कारण तो कॉम्प्रेसरमधल्या मूळ खनिज तेलाबरोबर चालतो. तो ज्वलनशील असल्याने ठिणगी पडू शकेल असे दिव्याचे व थर्मोस्टॅटचे स्विच आधी सुरक्षित करून घेतो. खटक्याचा दरवाजा आतून उघडत नाही आणि खेळताना मूल आत अडकू शकते. याच कारणासाठी अमेरिकेने १९५६ मध्ये कायदा केला होता. त्यामुळे ग्राहकाने कितीही आग्रह धरला तरी खटका काढून, मूळ हँडल तसेच ठेवून, आम्ही चुंबकीय गॅसकेटच (दरवाजा चुंबकाने धरून ठेवणारी रबरी पट्टी) बसवतो.

आमच्याकडे येणाऱ्यांत आजीचा फ्रीज चालू करून हवा असलेली कुटुंबे आहेत, कॅफेचालक आहेत, चित्रीकरणासाठी फ्रीज भाड्याने नेणारेही आहेत. फ्रीज ताब्यात देण्यापूर्वी तो दिवसरात्र चालवून किती युनिट वीज घेतो, हे मीटरवर मोजतो आणि तो आकडा बिलावर लिहून देतो.