ऑक्टेनचा आकडा आणि इंजिनाची भूक

"साधं टाकू की नाइंटी फाइव्ह?" हा प्रश्न आता शहरातल्या बहुतेक पेट्रोल पंपांवर कानी पडतो, आणि जादा पैसे मोजले की गाडी जास्त ओढेल अशा समजुतीने बरेच जण महागड्या नोझलकडे बोट दाखवतात. गाडीवर प्रेम करणाऱ्या माणसाची ही समजूत स्वाभाविक असली तरी ऑक्टेनच्या आकड्याचा, म्हणजे त्या नाइंटी फाइव्हचा, पेट्रोलमधल्या ऊर्जेशी थेट संबंध नाही. ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधी आपोआप पेट न घेता पेट्रोल किती दाब आणि किती उष्णता सोसू शकते, एवढेच तो आकडा सांगतो. या सोसण्याचा उपयोग करून घेण्याची क्षमता इंजिनात असेल तरच वरच्या ऑक्टेनचे पैसे वसूल होतात.

हे सोसणे कमी पडते तेव्हा काय घडते, ते ऐकायचे असेल तर घाट हीच योग्य जागा. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी लागतो. मे महिन्याची दुपार, गाडीत पाच माणसे, डिकीत सामान, एसी चालू आणि चालकाने आळसाने गिअर न उतरवता चौथ्यातच अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला, अशा वेळी बॉनेटखालून डब्यात खडे खुळखुळावेत तसा बारीक, धातूचा आवाज येऊ लागतो. गॅरेजमध्ये त्याला नॉकिंग म्हणतात. स्पार्क प्लगने ठिणगी टाकल्यावर ज्योत सिलिंडरभर पसरायला काही मिलिसेकंद लागतात. त्या काळात जळलेला वायू फुगत जाऊन कोपऱ्यातले न जळलेले मिश्रण आणखी दाबतो व तापवतो. पेट्रोल कमी ऑक्टेनचे असेल तर ते मिश्रण ज्योतीची वाट न पाहता एकदम पेटते, दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात आणि आपल्याला तो आवाज ऐकू येतो. सिलिंडरच्या भिंतीला आणि पिस्टनच्या माथ्याला चिकटून वायूचा जो पातळ थर धातूचे उष्णतेपासून रक्षण करीत असतो, तोही या लाटांनी मोडतो. म्हणूनच दीर्घकाळ नॉक होणाऱ्या इंजिनात पिस्टनच्या कडा खाल्लेल्या आणि रिंगांच्या खाचा तुटलेल्या सापडतात.

आकडा ठरवण्याची रीत १९२०च्या दशकात अमेरिकेत बसली. रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहॅम एडगर यांनी दोन शुद्ध द्रव्ये मोजपट्टीसाठी निवडली: सहज नॉक न होणारे आयसो-ऑक्टेन, त्याला १००; आणि चटकन नॉक होणारे नॉर्मल हेप्टेन, त्याला शून्य. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे ९१ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकेच नॉकला टिकणारे पेट्रोल. त्यात प्रत्यक्ष आयसो-ऑक्टेन तेवढे असलेच पाहिजे असे नाही. ही परीक्षा आजही एकाच सिलिंडरच्या एका खास इंजिनावर होते, ज्याचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन मिश्रणाला किती पटीने दाबतो ते प्रमाण, चालू असतानाच कमीजास्त करता येतो. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर मोजलेला आकडा म्हणजे रिसर्च ऑक्टेन नंबर, आणि ९०० फेऱ्यांवर, तापवलेल्या मिश्रणासह, अधिक कठोर परिस्थितीत मोजलेला तो मोटर ऑक्टेन नंबर. भारतात आणि युरोपात पंपावर रिसर्च आकडा सांगतात, तर अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात. त्यामुळे तिकडे स्थायिक झालेले आपले नातेवाईक "इथे तर साधे पेट्रोल ८७चेच असते" असे सांगतात तेव्हा ते पेट्रोल आपल्या ९१-९२च्या बरोबरीचे असते.

आता मूळ प्रश्न: इंजिनावर परिणाम काय होतो? कॉम्प्रेशन रेशो जितका जास्त, तितके त्याच इंधनातून अधिक काम निघते, हे उष्मागतिकीचे साधे गणित आहे. मात्र रेशो वाढवला की नॉकिंगचा धोकाही वाढतो. म्हणजे ऑक्टेन वाढल्याचा खरा फायदा इंजिनाची रचना करणाऱ्या अभियंत्याला होतो, कारण त्याला रेशो वाढवता येतो, टर्बोचा, म्हणजे सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दाब वाढवता येतो आणि ठिणगी लवकर टाकता येते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत हे सगळे कारखान्यातून किंवा मेकॅनिकच्या हातून एकदा ठरून जात असे. प्लगांना वीज वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागेपुढे करणे हे त्या काळच्या मेकॅनिकचे कसब होते, आणि नॉकिंगची तक्रार नेली की तो टायमिंग थोडे मागे घेऊन देत असे. अशा गाडीत १०० ऑक्टेनचे पेट्रोल घातले आणि टायमिंग होते तिथेच ठेवले, तर नॉकिंग थांबण्यापलीकडे काहीही घडत नाही; ते मुळात होतच नसेल तर तेवढेही नाही.

आजच्या गाडीत इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टने घट्ट बसवलेला, नाण्याएवढा एक नॉक सेन्सर असतो. त्यातला स्फटिक नॉकिंगच्या नेमक्या कंपनांवर, म्हणजे सेकंदाला साधारण सहा-सात हजार कंपनांच्या आसपास, कान ठेवून असतो. नॉकिंगची चाहूल लागली की संगणक ठिणगी काही अंशांनी उशिरा टाकतो आणि मग हळूहळू, चाचपडत, पुन्हा पुढे आणतो. ठिणगी उशिरा पडली की इंजिन वाचते, परंतु ज्वलनाचा दाब पिस्टन खाली सरकू लागल्यावर येतो, त्यामुळे ताकद घटते, सायलेन्सरवाटे जास्त उष्णता वाया जाते आणि अ‍ॅव्हरेज पडते. वरचे ऑक्टेन घातल्यावर आधुनिक गाडी जी 'सुधारल्यासारखी' वाटते ती बहुधा या मागे घेतलेल्या टायमिंगची परतफेड असते.

माझ्याकडे एक लिटर टर्बो पेट्रोल गाडी आहे आणि तिच्या पुस्तिकेत किमान ९१ लिहिलेले आहे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र येण्यापूर्वी मी साधे आणि ९५ असे दोन्ही प्रकार आलटूनपालटून वापरून पाहिले. उन्हाळ्यात, भरल्या गाडीने घाट चढताना ९५वर इंजिन अधिक मोकळेपणाने ओढते असे मला जाणवले. पावसाळ्यात, शहरातल्या रहदारीत, तिसऱ्या गिअरवर रांगताना काहीही जाणवले नाही. हे तर्काला धरूनच आहे, कारण टर्बोमुळे सिलिंडरमधला दाब वाढलेला असतो आणि गरम हवा त्यात भर घालते, तर रहदारीत अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम टेकवलेला असल्यामुळे नॉकिंगचा प्रश्नच उद्भवत नाही.

इथेनॉलने या चर्चेत एक गमतीशीर पेच आणला आहे. शुद्ध इथेनॉलचे ऑक्टेन १०८च्या आसपास असते, शिवाय ते वाफ होताना मिश्रण थंडही करते. ऑगस्ट २०२५मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने ई-२०वरील, म्हणजे या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरील, टीकेला उत्तर देताना साध्या पेट्रोलचे ऑक्टेन आता ९५पर्यंत गेल्याचे नमूद केले होते. बीएस-६ या प्रदूषणविषयक मानकात साध्या पेट्रोलला किमान ९१ अपेक्षित आहे, हे पाहता ही वाढ मोठी आहे. तरीही गाडीमालकांची तक्रार अ‍ॅव्हरेज घटल्याची, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते; पाचवा हिस्सा इथेनॉल असेल तर दर लिटरमागे साधारण सहा-सात टक्के ऊर्जा आधीच कमी झाली. वाढलेल्या ऑक्टेनचा लाभ घेण्यासाठी ज्या इंजिनाचा रेशो आणि टायमिंग आखलेले आहे, ते यातली काही तूट भरून काढते. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या इंजिनाच्या वाट्याला मात्र तूट येते, लाभ जवळजवळ येत नाही. ऑक्टेन आणि ऊर्जा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नसेल.

मग १०० ऑक्टेनचे काय? इंडियन ऑइलने डिसेंबर २०२०मध्ये एक्स्पी १०० बाजारात आणले तेव्हा दिल्लीत ते लिटरला १६० रुपये होते, म्हणजे साध्याच्या जवळजवळ दुप्पट. उच्च दाबाच्या टर्बोवर चालणाऱ्या महागड्या परदेशी गाड्या आणि मोठ्या मोटरसायकली यांच्या मालकांनी ते जरूर वापरावे. साध्या हॅचबॅकमध्ये ते घालणे म्हणजे, माझ्या मते, हौसेचे मोल. प्रीमियम पेट्रोलमधली स्वच्छता करणारी रसायने ही वेगळी बाब आहे; ती पेट्रोलचा फवारा मारणारे इंजेक्टर साफ ठेवायला मदत करतात, पण ऑक्टेनशी त्यांची गल्लत करू नये.

आपल्या गाडीला काय हवे ते पाहण्यासाठी इंधनाच्या टाकीचे झाकण उघडावे, आतल्या बाजूचा स्टिकर वाचावा आणि मग पुस्तिकेत 'किमान' कोणता आकडा आहे व 'शिफारस' कोणत्या आकड्याची आहे ते बघावे. किमान ९१ आणि शिफारस ९५ अशी नोंद असेल तर ९१वर गाडी सुखरूप चालेल, मात्र जाहिरातीतली पूर्ण ताकद ९५वरच मिळेल. किमानच ९५ असेल तर तिथे काटकसर करू नये. फरक स्वतः पडताळायचा असेल तर टाकी जवळपास रिकामी झाल्यावरच दुसरे पेट्रोल भरावे, कारण उरलेल्या पेट्रोलात ते मिसळून मधलाच आकडा तयार होतो, आणि संगणकालाही टायमिंग जुळवायला थोडे अंतर धावावे लागते. त्यानंतर नेहमीच्याच घाटात, तेवढ्याच माणसांसह, त्याच गिअरमध्ये गाडी चढवून पाहावी.